रातपाळीच्या माणसाची वाकळ

आदरणीय मावशी,

मी इचलकरंजीची. वय ३६. मिस्टर यंत्रमागाच्या कारखान्यात कामाला आहेत, एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी. घरात सासूबाई, सहावीतली मुलगी, दुसरीतला मुलगा. मी वाकळी आणि बाळांची दुपटी शिवून विकते, ऑर्डरी व्हॉट्सॲपवर येतात. यंदा पहिल्यांदाच पुण्याला एका प्रदर्शनात स्टॉल लावला. शेजारच्या स्टॉलवरचं काम इतकं देखणं होतं की माझं मलाच घरगुती वाटायला लागलं. त्यात एक बाई माझी वाकळ हातात घेऊन म्हणाल्या, "छान आहे, पण यात तुमचं असं काय आहे?" मला उत्तर देता आलं नाही.

परत आल्यापासून काही सुचतच नाही. रात्री मोबाइलवर डिझाइनं बघत बसते. ढीगभर फोटो सेव्ह केलेत, पण सुई हातात घेतली की सगळं दुसऱ्या कुणाचं तरी वाटतं. एका गिऱ्हाईक ताईंनी नेटवरचा फोटो पाठवून हुबेहूब तसंच दुपटं मागितलंय, तेही तसंच पडलंय. दिवसभर भाकऱ्या, डबे, शाळा, सासूबाईंची औषधं. यात नवीन सुचणार कुठून? सासूबाई अजून त्यांच्या पद्धतीची वाकळ शिवतात, पण त्यात डिझाइन असं काही नसतं, हाताला येईल तो तुकडा लावतात. मी डिझाइनचा एखादा कोर्स करू का? प्रेरणा कुठून आणायची, ते सांगा.

ता. क. कागद पोराच्या वहीतला आहे. मागं त्यानं बेंदराचे बैल काढलेत, माफ करा.

– एक वाचक, इचलकरंजी

*

तू मला मावशी म्हटलंस, म्हणून अगं-तुगं करते. चालेल ना?

तुझं पत्र मी आधी उलट्या बाजूनं वाचलं, बैलांपासून. पोरानं बैलापेक्षा शिंगं मोठी काढलीत. शिंगांना रंग आहे, गळ्यात घुंगरमाळ आहे, आणि मागच्या बैलाच्या पाठीवर झुलीच्या जागी चौकटी-चौकटीचं काहीतरी टाकलंय. ते तू नीट बघितलंस का? झूल अशी नसते गं. ती वाकळ आहे. तुझ्या पोरानं बैलाला तुझी वाकळ पांघरलीय, आणि तू त्याच कागदावर, मागच्या बाजूला, मला विचारतेस की प्रेरणा कुठून आणू.

मग पत्र सुलट केलं. ज्या गोष्टी तुला महत्त्वाच्या वाटल्या त्यांवर तू बरंच लिहिलंस: प्रदर्शन, शेजारचा स्टॉल, त्या बाईंचं बोलणं. माझं लक्ष मात्र तू जाता जाता उरकलेल्या गोष्टींकडेच जात राहिलं. मिस्टरांची रातपाळी अर्ध्या ओळीत. सासूबाईंची वाकळ एका वाक्यात, तीही 'पण' लावून. माझं जे काही म्हणणं आहे ते या उरकलेल्या ओळींबद्दल आहे.

सासूबाईंपासून सुरुवात करू. 'हाताला येईल तो तुकडा लावतात' हे तू लिहिलंस खरं, पण एकदा त्यांच्याजवळ नुसती बसून बघ. तुझं शिवण बाजूला ठेवायचं, मोबाइल आत ठेवायचा. जुन्या पद्धतीची वाकळ घालणाऱ्या बाईच्या हाताला कुठलाही तुकडा कुठंही येत नाही. लुगड्याचा काठ ती बहुतेक कडेला घेते, कारण काठाची वीण घट्ट असते आणि वाकळ आधी कडेलाच फाटते. धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती कापड तोंडाकडच्या बाजूला. पायाकडं जाड, राबणारं काहीतरी. अगदी विरलेलं, टाका न धरणारं कापड फेकत नाहीत, ते मधल्या थरात भर म्हणून जातं. वरून बघणाऱ्याला हे काही दिसत नाही. पांघरणाऱ्याला कळतं.

शिवायची रीतही बघ. खाली आखलेलं काही नसतं. जमिनीवर कापड ताणून पसरायचं, वर थर मांडायचे, आणि कडेनं धावदोरा घालत फेऱ्या मारत मध्याकडं यायचं. प्रत्येक फेरीला कापड हातानं आत सारत न्यावं लागतं, नाहीतर सगळ्या चुण्या मध्यभागी गोळा होतात. टाक्यांच्या त्या ओळी सरळ नसतात. तुकडा फुगला तिथं टाका वळसा घेतो, जाड शिवण आली तिथं लांब होतो. लहरी उठल्यासारखा जो पोत तयार होतो ना, त्यासाठी पुण्या-मुंबईची माणसं जुन्या वाकळी हुडकत फिरतात, आणि तो कुणी डिझाइन म्हणून काढलेला नसतो. कापड सपाट बसावं म्हणून हातानं केलेल्या तडजोडीच असतात त्या. तुझ्या घरात ही विद्या चालत्या-बोलत्या रूपात आहे, आणि तू रात्री बारा वाजता परक्या माणसांचे फोटो बघतेस.

सासूबाईंना 'तुमची पद्धत सांगा' असं विचारू नकोस. सांगता येणार नाही त्यांना, उगाच म्हणतील, "त्यात काय सांगायचं?" हातात तुकडा घेतल्यावर विचार: हा इथं का? तो तिकडं का नाही? हे लुगडं कुणाचं होतं? या शेवटच्या प्रश्नावर तासभर जाईल. जाऊ दे.

बघून नक्कल करण्याला मी नावं ठेवत नाही. आपण सगळ्याजणी बघूनच शिकलो. पण फोटोत वस्तू पुरी झालेली दिसते. ती कुणाच्या जुन्या कपड्यातून आली, कुठल्या अडचणीतून तो कोपरा तसा झाला, लाल संपला म्हणून किरमिजी कुठं लावला, यातलं काहीच फोटोत येत नाही. आणि सुचतं ते नेमकं या अडचणींत. शेकडो उत्तरं तू जमवून ठेवलीस, पण ती ज्यांची उत्तरं होती ते प्रश्न तुझ्या घरातले नव्हते. म्हणून सुई हातात घेतली की परकं वाटतं. हे परकेपण कळतं आहे याचा अर्थ तुझी नजर शाबूत आहे. ज्यांची गेलेली असते त्यांना काही खुपत नाही.

आता जरा लांबचं सांगते. फार लांबचं नाही, तुमच्यापासून काही तासांवरचं. धारवाड-हुबळीकडचा कशिदा तू पाहिला असशील, इरकलीच्या पदरावर असतो तो. सासूबाईंकडं एखादी इरकल असेल तर काढून बघ. त्या कशिद्यात काय काय आहे? गोपूर, रथ, पालखी, हत्ती, मोर, पोपट, पाळणा, तुळशीवृंदावन. म्हणजे त्या बायकांना दारात, देवळात आणि वर्षाच्या जत्रेत जे दिसलं ते सगळं. कापडावर आधी रेघ मारलेली नसते. उभे-आडवे धागे मोजून टाका घालायचा, गाठ मारायची नाही, आणि गवंती टाक्याचं काम तर मागून-पुढून सारखंच दिसतं. पदराच्या टोकाला मोठी नक्षी, वर सरकत जाल तशी ती बारीक होत जाते. हे नियम कडक आहेत. रथ मात्र हरेकीचा वेगळा, कारण धागे मोजणाऱ्या बाईनं आपल्या गावचा रथ बघितलेला असतो.

आपलं चैत्रांगण घे. चैत्रगौर बसली की अंगणात जी रांगोळी काढतात, तिच्यात सूर्य, चंद्र, शंख, चक्र, गदा, नाग, कासव, गोपद्मं आणि पाळण्यातली गौर असते. आणि त्यांच्याच रांगेत असतात फणी, आरसा आणि करंडा. विष्णूच्या चक्राशेजारी बाईची फणी! मला हे फार आवडतं. गौर माहेरवाशीण आहे, ती आली म्हणजे तिला केस विंचरायला फणी लागणार, इतका साधा विचार कुणीतरी केला आणि तो त्या रांगोळीत कायमचा बसला. त्या बाईला स्फूर्तीसाठी कुठं जावं लागलं नाही. पाहुणी येणार होती आणि तिला काय लागेल हे हिला ठाऊक होतं, एवढंच.

त्यामुळं 'काय करू' हा प्रश्न तू तूर्त बाजूला ठेव. 'कुणासाठी' हा आधी घे. नाव-गाव असलेला एक माणूस, त्याची झोप, त्याचं अंग दुखणं, त्याचा हट्ट. बाकीचं मागून येतं.

उदाहरण तुझ्याच घरातलं. मिस्टर आठवडाआड रातपाळी करतात. सकाळी घरी येतात तेव्हा ऊन चढत असतं, कुकरच्या शिट्ट्या चालू असतात, पोरांची शाळेची गडबड. त्यांना तेव्हा झोपायचं असतं. अशा माणसाला कसली वाकळ लागेल, याचा विचार तू कधी केलास? मी पत्र वाचून केला. डोक्यावरून घेतली तर उजेड अडेल अशी गडद हवी. पण एप्रिलमध्ये दिवसा पांघरायची म्हणजे जाड चालणार नाही, भर न घालता दोनच पदर, आणि निखळ सुती, नाहीतर घामानं जीव जाईल. गडद कापड विकत आणू नकोस, कामावर घालून विटलेल्या त्यांच्याच पँटी-शर्टांतून निवड. उलटी बाजू फिकी ठेव. म्हणजे रातपाळीच्या आठवड्यात गडद बाजू वर, दिवसपाळीच्या आठवड्यात फिकी. पोरांना वाकळीकडं बघूनच कळेल की बाबा झोपलेत, आवाज नको.

हे मला इथं बसून सुचलं, तेही तुझ्या अर्ध्या ओळीवरून. तू त्या घरात राहतेस, तुला याहून कितीतरी जास्त दिसेल. ते कुशीवर झोपतात की पालथे? पाय बाहेर काढून झोपायची सवय आहे का? मागाच्या खटखटाटात आयुष्य गेलेल्या माणसाला शांततेतच झोप लागत नाही असंही असतं, त्याला काय करणार?

आणि बघ, तुझ्या गावात १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला. आज तिथं पाळीनं झोपणारी घरं आहेत. भिवंडी, मालेगावलाही आहेत. नर्स, वॉचमन, कॉल सेंटरची पोरं, एसटीचे ड्रायव्हर, सगळे दिवसा झोपतात. दिवसा झोपणाऱ्या माणसासाठी शिवलेली वाकळ मी तरी कुठल्या प्रदर्शनात पाहिलेली नाही. पुढच्या वेळी स्टॉलवर कुणी विचारलं, "यात तुमचं असं काय आहे?", तर ही उलगडून दाखव आणि दोन्ही बाजू कशाला ते सांग. त्या बाईंचा प्रश्न खोचक होता, पण अगदीच चुकीचा नव्हता. उत्तर रंगसंगतीत शोधायला गेलीस म्हणून सापडलं नाही.

असंच सासूबाईंचं. ओली वाकळ किती जड होते हे तुला सांगायला नको, पिळायला दोन बायका लागतात. वय झालेल्या बाईला ती उचलून दोरीवर टाकता येत नाही. मग त्यांच्यासाठी एकाऐवजी दोन हलक्या शिव, एकावर एक घ्यायच्या. थंडी कमी झाली की एक काढून टाकता येते, धुताना एकेक धुता येते. कडेला काठाचेच बंद लाव, म्हणजे त्या जोडताही येतील. यात काहीही देखणं नाही असं तुला वाटेल. शिवून बघ आणि मग सांग.

आता रंगांबद्दल, कारण शेजारच्या स्टॉलनं तुला तिथंच हरवलंय असा माझा अंदाज आहे. रंग जुळवता येत नाहीत म्हणून माणसं फोटोंकडं धावतात. तू रोज कपडे वाळत घालतेस ना? त्या दोरीकडं बघ. सासूबाईंचं हिरवं लुगडं, त्याला लागून शाळेचा गणवेश, मग विटका टॉवेल, मग मुलीचा तो भडक गुलाबी टॉप जो तुला बहुतेक आवडत नाही. हे रंग शेजारी-शेजारी कुणी ठरवून लावलेले नसतात, म्हणूनच त्यांत कधी कधी असं काही जमून जातं जे ठरवून जमत नाही. फोटो काढायचाच असेल तर या दोरीचा काढ. दुपारी तुझ्या चिंध्यांच्या गाठोड्यातून त्या-त्या रंगाच्या पट्ट्या निवड आणि दोरीवर जशा होत्या त्याच क्रमानं जोड, वीतभर लांब, जास्त नको. रोज जमणार नाही, जमेल तेव्हा. पावसाळ्यात दोरी घरात येते, सणावारी तिच्यावर वेगळेच कपडे असतात, रातपाळीच्या आठवड्यात वेगळे. अशा पट्ट्या साठत गेल्या की त्यांची वाकळ होईल, आणि तिच्यात डिझाइन कुठून आलं असं कुणी विचारायला नको. विकायची की नाही ते नंतर ठरव. मी असते तर पहिली विकली नसती.

हे सगळं सांगताना एका गोष्टीची मला धास्ती वाटते. घर म्हणजे स्फूर्तीचा झरा, चुलीपाशी कला जन्मते, असलं काही मी म्हणतेय असं कुणी समजू नये. घर खातं. बाईचा वेळ तर आधी खातं. 'घरबसल्या करते' म्हटलं की तो रिकामपणाचा उद्योग ठरतो आणि मधेच उठून चहा टाकायला कुणालाही सांगता येतं. न सुचण्यातला निम्मा भाग हा थकवा असतो, हे तुझ्या पत्रात स्पष्ट दिसतं. तू डिझाइनं कधी बघतेस? रात्री, सगळं आवरल्यावर. त्या वेळी कुणालाच काही सुचत नाही.

जात्यावरच्या ओव्यांचं उदाहरण लोक फार गोडीनं देतात. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून लाखाहून जास्त ओव्या गोळा करून ठेवल्या. भाऊ, लेक, माहेर, विठ्ठल, सासुरवास, नवऱ्याची तक्रार, सगळं त्यांत आहे. पण त्या ओव्या सुचल्या केव्हा? पहाटे. घर झोपलेलं, समोर जात्याच्या खुंट्याला हात लावून बसलेली दुसरी बाई, हाताला एकच एक काम आणि काही मागायला कुणी जागं नाही. कष्ट होतेच, पण दिवसातला तेवढाच वेळ त्यांचा होता. गिरणी आली, जातं गेलं, कष्ट वाचले, आणि तो वेळही गेला. मला जातं परत नको. वेळ मात्र हवा.

तो तुला मागून घ्यावा लागेल, आपोआप कुणी देणार नाही. दिवसपाळीच्या आठवड्यात मिस्टर संध्याकाळी घरी असतात. त्या आठवड्यात दोन संध्याकाळी पोरांचा अभ्यास आणि रात्रीच्या भाकऱ्या त्यांच्याकडं आणि मुलीकडं. भाकरी येत नसेल तर भात लावू देत, एका दिवसानं काही बिघडत नाही. दाराला कडी लावून बस म्हणत नाही, तुमच्या घरात तेवढ्या खोल्या असतील असंही नाही. पण वाकळ जमिनीवर पसरली की ती उचलायची नाही, असा नियम कर. पसरलेली वाकळ ओलांडून जाताना माणसं आपोआप तिच्याकडं बघतात, थांबतात, एखादा टाका घालतात. सासूबाईंना समोरच्या कडेला बसव. दोन कडांनी दोघी आत येत राहिलात की बोलणं होतं, आणि बोलता बोलता हात काहीतरी करून जातो.

मुलीला मात्र जबरदस्तीनं बसवू नकोस. 'आपल्या घरची कला' म्हणून सहावीतल्या पोरीच्या गळ्यात सुई बांधली की ती आयुष्यभर सुईकडं बघत नाही. तिला हिशेब जमत असेल तर ऑर्डरींची वही दे.

आणि ते बैल. माझा मोह असा की ते बैल तू कापडावर उतरवावेस, तसेच, शिंगं तेवढीच मोठी ठेवून, आणि त्या वाकळीतली वाकळ खरोखरच्या बारीक तुकड्यांची करावीस. मोठ्यांनी 'सुधारलेलं' लहान मुलाचं चित्र फार वाईट दिसतं, तेव्हा एक रेघही सरळ करू नकोस. पण आधी त्याला विचार. चित्र त्याचं आहे. घरासाठी चालेल म्हणाला आणि विकायला नको म्हणाला, तर नको. आजकाल घरातलं प्रत्येक हसणं-रडणं उचलून इन्स्टाग्रामवर विकायला ठेवायची जी पद्धत आहे, ती मला पटत नाही. घरातून घ्यावं, पण घरच्यांना विचारून. सासूबाईंनाही हे लागू. त्यांचं कुठलं लुगडं कापायचं आणि कुठलं नाही हे त्याच सांगतील, आणि कुठल्यातरी एकाला त्या हात लावू देणार नाहीत. ते राहू दे.

कोर्सचं विचारलंस. कर, पण प्रेरणेसाठी नको, ती फी भरून मिळत नाही. रंग पक्का आहे की कच्चा हे कसं ओळखायचं, कडेची पट्टी चारी कोपऱ्यांत साफ कशी वळवायची, मजुरी धरून किंमत कशी काढायची, एवढं शिकवत असतील तर पैसे वसूल. नुसती 'ट्रेंडिंग डिझाइनं' शिकवत असतील तर तुझ्या मोबाइलमध्ये ती आधीच आहेत. त्यापेक्षा कशिदा शीक असं मी म्हणेन. धागे मोजायची शिस्त लागली की वाकळीच्या टाक्यातही जीव येतो. आणि किंमतीचं निघालंच आहे तर एक सांगते, 'घरगुती आहे ना, मग एवढे कसे?' असं म्हणणाऱ्याला कमी करून देऊ नकोस. तुझी जमीन, तुझे गुडघे आणि तुझी दुपार त्यात गेली आहे.

राहिलं ते पडून असलेलं दुपटं. त्या ताईंना आज फोन कर, मेसेज नको. म्हण, फोटोतल्यासारखं करून देईन, पण आधी विचारते, बाळाच्या आजीची किंवा पणजीची एखादी जुनी सुती साडी घरात आहे का? बहुतेक असते, आणि ती कुणाला टाकवत नसते. असेल तर मागवून घे, आणि ती साडी बाळाला लागेल ती बाजू कर. फोटोतली नक्षी त्यांना हवीच असली तर दुसऱ्या बाजूला येऊ दे, त्यांचाही शब्द राहील. दुसरी बाजू आणि कडा कशा करायच्या हे बाळाचं घर बघून ठरव: कोकणात आहे की लातूरला, पंख्याखाली झोपणार की झोळीत. साडी नसेल तर फोटोतलं करून दे आणि मोकळी हो, प्रत्येक ऑर्डरीत जीव ओतायची गरज नसते.

साडी आली तर लगेच कापू नकोस. आधी एकटी भिजव, जुन्या लाल काठांचा रंग सुटतो. पाणी स्वच्छ येईपर्यंत धू, उन्हात वाळव, मग उजेडाकडं धरून कुठं विरलीय ते बघ आणि तेवढा भाग सोडून दे. टिकल्या, मणी, आरसे लावायचे नाहीत, बाळ ते तोंडात घालतं. दोनच पदर, बारीक टाका, आणि दोऱ्याची गाठ आतल्या बाजूला.